अडतिसाव्या दिवसाचा फळा

“आधी पाणी बघा, मग फळा.”

फळामास्तर हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा तरी बोलत. सर्फबोर्ड काखेत मारून धावत येणाऱ्या पोरांना, टोपी सावरत येणाऱ्या पाहुण्यांना, पाण्याला पाय लावावा की नको अशा विचारात उभ्या असलेल्या आजीबाईंना, सगळ्यांना तेच. माणूस फळ्यासमोर थांबून वाचायला लागला की शेडमधून आवाज यायचाच. नवखा दचकायचा. जुना हसायचा आणि मुकाट्याने समुद्राकडे तोंड करायचा. लोक म्हणत, एवढा जाणता माणूस, पण स्वतःच्या लिहिण्याचा गर्व म्हणून नाही.

हे कानावर आलं की मास्तर शेडच्या आत निघून जात.

कारण एके काळी ते हेच वाक्य उलटं म्हणत असत. ते का फिरवलं, हे त्यांच्याखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

डांबरी रस्ता संपून वाळू सुरू होते, तिथे त्यांची शेड. वर पत्रा, पुढची दोन्ही दारं सताड उघडी. आत लाकडी घोड्यांवर मोडके सर्फबोर्ड पालथे निजलेले असत. एखाद्याचं टोक फुटलेलं, एखाद्याच्या पोटाला भेग. मास्तर भेगेत शिरलेलं पाणी उन्हात सुकवत, फायबरचं कापड कापून बसवत, वर राळ ओतत, आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपरने घासून ती जागा अशी करत की मालकाला बोट फिरवूनही भेग सापडू नये. पोट या कामावर चालायचं. फळ्यावर पोट चालत नव्हतं. फळा ही त्यांची ऐट होती.

शाळेत असतो तसाच काळा फळा, शेडच्या बाहेरच्या भिंतीला ठोकलेला. त्यावर रोज पाच ओळी. लाट किती, वारा कुठला, भरती-ओहोटी कधी, ओढ कुठे, उतरायचं कुठे. लाटेचं माप अंगाचं. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर. या किनाऱ्याची लाट खडकावर फुटत नाही, वाळूवर फुटते, आणि वाळू काही एका जागी बूड टेकून बसणारी नव्हे. आज इथे वाळूचा दांडा, परवा चाळीस पावलं पलीकडे. दोन दांड्यांच्या मध्ये घळ पडते, आणि किनाऱ्यावर चढलेलं पाणी त्या घळीतून परत आत पळतं. तीच ओढ. वाईट हे की ओढीच्या जागी लाट फुटत नाही. पाणी काळंभोर, गप्प, अगदी शहाण्या मुलासारखं दिसतं. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो.

म्हणून मास्तर रोज ओहोटीच्या वेळी मांडीभर पाण्यात शिरून किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. तळव्याला कडक लागलं तर दांडा, भुसभुशीत लागलं आणि पाय आत गेला तर घळ. मग ओल्या वाळूत बसून दोन लाटांमधलं अंतर आपल्या नाडीवर मोजत. उन्हाळ्यात सकाळचा वारा जमिनीकडून येतो आणि लाटेला कंगवा फिरवल्यासारखी सरळ उभी करतो. अकरा वाजले की तोच वारा फिरतो, समुद्राकडून येतो, आणि सगळं पाणी विस्कटून टाकतो. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शाळा सातवीतच सुटली होती. दोन वर्षांपूर्वी गाड्या लावायच्या जागेत मोठा चकचकीत पडदा लागला आणि त्यावर लाटांचे आकडे धावू लागले, तेव्हा मास्तर एकदा जाऊन तो नीट वाचून आले. म्हणाले, “यंत्र हुशार आहे. पण त्याला पाय नाहीत.”

आता जुनी गोष्ट.

एकोणीस वर्षांपूर्वी मास्तरांच्या नाकावर माशी बसत नव्हती. फळ्याचा एक नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. सकाळी लिहिलेलं सूर्य बुडेपर्यंत पुसायचं नाही, एक अक्षर फिरवायचं नाही. संध्याकाळी सगळ्यांच्या देखत लाल खडूने प्रत्येक ओळीसमोर खूण करायची. खरं ठरलं तर बरोबर, खोटं ठरलं तर फुली. “दिवसभर खाडाखोड करून कुणीही शहाणा होतो,” असं ते म्हणत. आणि फळ्यासमोर न थांबता कुणी पाण्याकडे निघालं, तर शेडमधून हाक यायची, “आधी फळा वाचा, मग पाणी बघा!”

त्या उन्हाळ्यात फळ्यावर फुली पडेचना. पाच दिवस झाले, दहा झाले, वीस झाले. किनाऱ्यावरचा जीवरक्षक मोठा गमत्या माणूस होता. त्याच्या झुपकेदार मिशीचा त्याला भारी अभिमान. तो एकदा टपरीवर चारचौघांत म्हणाला, “मास्तर, चाळीस दिवस फुलीशिवाय काढा, मी मिशी उतरवतो.”

“वस्तरा कुणाचा?” मास्तरांनी विचारलं.

“तुमचाच आणा. धार लावून आणा.”

झालं. सगळा किनारा दिवस मोजायला लागला. टपरीवाली बाई लिंबूपाण्याच्या बरण्या पुसता पुसता रोज संध्याकाळी विचारायची, “काय मास्तर, आज किती केस गळले मिशीचे?” मास्तर शेडच्या आतल्या भिंतीवर रोज खिळ्याने एक रेघ ओढत. सदतीस रेघा झाल्या.

मास्तरांना एक धाकटी बहीण होती. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची आणि हे सोळा वर्षांचे. तिची वेणी यांनी घातली, तिच्या फ्रॉकची बटणं यांनी लावली, आणि पाण्यातही यांनीच उतरवलं. सगळे तिला चिंगी म्हणत. मोठी झाली, लग्न झालं, वरच्या गल्लीत शिवणाचं दुकान टाकलं, तरी चिंगीच. पण पाण्यात ती चिंगी नव्हती. त्या किनाऱ्यावर तिच्यासारखी लाट कुणाला दिसत नव्हती. दूर पाण्याला नुसती सुरकुती पडली की ती म्हणायची, “तिसरी आपली.” आणि तिसरीच असायची. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, पण फळ्याच्या चौथ्या ओळीबद्दल शंका आली की ते तिलाच सहज विचारल्यासारखं विचारत, “काय गं, कुठं बरं दिसतंय?”

अडतिसाव्या दिवशी भरती पहाटे होती. पाणी अंगणात आल्यासारखं वर चढलेलं, चालून बघायला जागाच नव्हती. मास्तरांनी आदल्या दिवशी दुपारी ओहोटीत चालून जे बघितलं होतं, त्याच्यावरून लिहिलं. लाट कंबरभर. वारा जमिनीकडून, अकरापर्यंत. ओहोटी बाराला. ओढ उत्तरेला, धक्क्याजवळ. उतरायचं मध्ये, बिनघोर.

दहा वाजता राळेचा डबा उन्हात ठेवायला ते बाहेर आले. पाणी निम्मं उतरलं होतं. सहज नजर टाकली आणि हात तसाच राहिला. मध्ये, अगदी मधोमध, काळी पट्टी पडली होती. दोन्ही बाजूंना लाट पांढरी फुटत होती आणि मध्ये फुटत नव्हती. रात्रीच्या लाटांनी दांडा कापला होता. चौथी ओळ खोटी, पाचवी त्याहून खोटी.

खडू खिशातच होता. फळा दहा पावलांवर होता.

मास्तर उभे राहिले. त्यांच्या मनात काय आलं हे पुढे एकोणीस वर्षं त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं, की एक शब्दही इकडचा तिकडे होत नव्हता. आणखी दोन दिवस. बाराला ओहोटी संपेल, मग पाणी भरायला लागेल, घळ झाकली जाईल, ओढ मरेल. दोन तासांचा प्रश्न. आता किनाऱ्यावर आहे तरी कोण? जीवरक्षक आहेच की. असं म्हणून ते आत वळले.

तेवढ्यात चिंगी आली. काखेत बोर्ड, ओठात केसांची पिन. फळ्यासमोर थांबली, पिन केसांत खोचली, मग पाण्याकडे बघितलं.

“दादा, मध्ये पाणी काळं दिसतंय रे.”

मास्तर पाठमोरे होते. वळले नाहीत. “ढगाची सावली असेल.”

“सावली? आभाळ तर…”

“चिंगे, फळा वाच.”

ती हसली. “बरं बाबा, मिशी उतरवणाऱ्या!” म्हणाली आणि पळत गेली. आपल्या डोळ्यांपेक्षा दादाच्या अक्षरावर तिचा विश्वास जास्त.

पुढचं थोडक्यात सांगतो. ओढीने तिला आत नेलं, बोर्ड हातातून सुटला, ती बाजूला सरकायला बघत असताना एका लाटेने उचलून दांड्याच्या कडेवर खांद्यावर आपटली. जीवरक्षकाने बाहेर काढली. जीव वाचला. उजवा खांदा मात्र निखळून असा मोडला, की दोनदा कापाकापी होऊनही हात कानाच्या वर गेला नाही.

किनाऱ्यावर सगळे मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून गेले. जीवरक्षक म्हणाला, “दांडा एकाएकी फुटला, मास्तर. सकाळी तुम्ही लिहिलेलं बरोबरच होतं.” संध्याकाळी लाल खडू घेऊन ते फळ्यासमोर उभे राहिले. तीन ओळींना बरोबर केलं. चौथीला आणि पाचवीला काहीच केलं नाही, ना बरोबर, ना फुली. कुणाच्या लक्षातही आलं नाही. दोन दिवसांनी जीवरक्षक मिशी उतरवून दवाखान्यात आला. त्याला वाटलं, तेवढंच जरा हसतील घरातले. चिंगी हसली. मास्तर बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

आठवड्याने ती उशीवर डोकं ठेवून म्हणाली, “दादा, मला सावली आणि ओढ ओळखता आली नाही रे. मी उतरले तेव्हा सावली होती, मग कधीतरी घळ पडली असेल, आणि मला कळलंच नाही. नजरच कच्ची माझी.”

तेव्हा बोलायचं. तोंड उघडलंही होतं. पण परिचारिका औषध घेऊन आली, आणि ते एकदा जे राहिलं ते राहिलंच.

पाणी तिने सोडलं. एवढ्यावर भागलं असतं तर मास्तरांनी कदाचित सोसलं असतं. पण ती कच्ची नजर तिच्यासोबत घरात आली. दुकानात दोरा लावताना गिऱ्हाइकापुढे धरून विचारायची, “हा निळाच ना? काळा नाही ना?” रस्ता ओलांडताना नवऱ्याची बाही धरायची. भाकरी भाजली का, हे दुसऱ्याला बघायला लावायची. नवरा साधा माणूस. त्याने अंगणात कपड्यांची दोरी छातीएवढ्या उंचीवर बांधली, हात वर न्यावा लागू नये म्हणून. मास्तर दर रविवारी तिथे जेवायला जात आणि त्या दोरीखालून वाकून घरात शिरत. जेवताना ती गमतीने काही सांगायची आणि शेवटी म्हणायची, “माझ्या डोळ्यांचं काय सांगू!” सगळे हसत. मास्तर ताटातला घास चाचपत, जणू त्यातच वाळू आहे.

लाल खडू त्यांनी कधीच टाकून दिला होता. वाक्य फिरवलं होतं. लोकांनी त्याला नम्रपणा म्हटलं, मान वाढली. त्या मानाचं त्यांना काय करावं हे कळत नव्हतं.

मग या उन्हाळ्यात, एका साध्या दिवशी सकाळी साडेनऊला, छत्री घेतलेली एक बाई वाळू तुडवत शेडकडे येताना दिसली. जुना सुती शर्ट, गुडघ्यापर्यंतची विजार. मास्तरांनी आधी ओळखलंच नाही. या वाटेवर तिला बघायची सवय मोडली होती.

“काय मास्तर, आज बहीण रस्ता चुकली वाटतं!” टपरीवाली ओरडली. तीही आता म्हातारी झाली होती, बरण्या त्याच होत्या.

“मी नाही चुकले, वहिनी. माझा डॉक्टर चुकलाय,” चिंगी म्हणाली आणि धापा टाकत शेडच्या उंबऱ्यावर टेकली. फळ्याकडे तिची पाठ होती. “दादा, खांदा धरलाय पार. कात्री चालेना. डॉक्टर म्हणतो, खाऱ्या पाण्यात जा, रोज अर्धा तास, छातीपर्यंत. नाही गेलात तर शिवण विसरा. मी म्हटलं, अहो, मला पाण्यातलं काही दिसत नाही. तर म्हणतो कसा, चष्मा लावा.”

मास्तर हसले नाहीत. हातातला पॉलिश पेपर त्यांनी बोर्डवर ठेवला.

“आता तूच सांग,” ती म्हणाली. “कुठे उतरू? बोट दाखव, मी डोळे मिटून उतरते.”

बोट दाखवणं किती सोपं होतं. मास्तर पहाटे चालून आले होते. दक्षिणेकडचा दांडा कडक लागला होता, गुडघाभर लाट, लहान पोराला सोडावं असं पाणी. त्यांनी हात उचललाही. पण डोळे मिटून, हे शब्द काळजात रुतले. आज बोट दाखवलं तर उद्या दाखवावं लागेल, परवा दाखवावं लागेल. आणि आपण गेल्यावर ही बाई पाण्यासमोर कुणाची बाही धरून उभी राहील?

त्यांनी हात खाली घेतला.

“चिंगे, त्या दिवशी ढग नव्हता.”

“कुठल्या दिवशी?”

“मिशीच्या पैजेच्या वेळी. तू आलीस त्याच्या आधीच मी बघितलं होतं. दांडा कापलेला. मध्ये घळ. तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं.”

छत्री तिच्या हातात उघडीच होती. वाऱ्याने थोडी फिरली. तिने सावरली नाही.

“म्हणजे मला दिसलं होतं ते…”

“ते बरोबर होतं. तुझी नजर बरोबर होती. कायमच होती.”

शेडवरचा पत्रा उन्हाने तडकत होता.

“मिशीसाठी?” तिने विचारलं.

“मिशीसाठी नाही… हो. मिशीसाठीच. फळा खोटा पडू नये म्हणून.”

“एकोणीस वर्षं मी दोऱ्याचा रंग गिऱ्हाइकाला विचारतेय, दादा.”

“सांगणार होतो गं. दर वेळी…”

“कधी? रविवारी? माझ्या हातचं जेवताना?” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. “खांद्याचं सोड. हाड आहे, मोडतं. पण मी स्वतःच्या घरात आंधळी होऊन राहिले, आणि तू समोर बसून भाजी वाढून घेतलीस.”

मास्तरांना बसावंसं वाटत होतं आणि बसायची हिंमत होत नव्हती. जे तोंडात आलं तेच ते बोलले. “आज दक्षिणेला…”

“नको.” तिने डावा हात वर केला. “बोलू नकोस. तुझा फळाही मी वाचलेला नाही, वाचणारही नाही.”

ती उठली. छत्री मिटून दाराला टेकवली, चपला काढल्या, एक दुसरीवर ठेवली. मग पाण्याकडे तोंड करून उभी राहिली, जशी पूर्वी उभी राहायची, मान थोडी तिरपी करून. खांदा तेवढा एका बाजूला उतरलेला होता.

“घरी जा तू आता,” ती न वळता म्हणाली. “तू इथे असलास की मी पाण्याकडे नाही बघणार. तुझ्या तोंडाकडे बघेन, काय म्हणतंय ते.”

“एकटीने…”

“जा, दादा.”

मास्तर निघाले. दारं लावायची, राळेचा डबा झाकायचा, काही काही केलं नाही. चार पावलं गेल्यावर मागून तिचा आवाज आला. ती स्वतःशीच बोलत होती.

“मध्ये काळं आहे.” थोडं थांबून, “पण सरकतंय.” आणखी थांबून, “सावली आहे ही. ढगाची.”

मास्तरांनी वर बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. डोक्यावरून उन्हात काही क्षण गारवा सरकत गेला होता, तो त्यांच्या मानेला कळला होता. बरोबर की चूक हे सांगायला जीभ वळवळली. पण विचारलं कुणी होतं?

ते वाळूतून डांबरी रस्त्याला लागले. खिशातला खडू चालताना मांडीला लागत होता. चिंगीने त्यांना जाताना बघितलं नाही. ती पाण्याकडे बघत होती. बघितलं ते टपरीवालीने, ओला फडका हातात तसाच धरून. पुढे कुणी विचारलं की ती सांगायची, “एकदासुद्धा मागे वळले नाहीत हो मास्तर. वळणावर थांबले तेवढे, पाठ इकडेच करून. पाण्याचा आवाज ऐकत असतील. मग गेले.”